मेंदूच्या ऑक्सिजनवर नजर ठेवणारे यंत्र: तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहातून एक परीक्षण

भूल दिलेल्या रुग्णाच्या कपाळावर दोन चिकट पट्ट्या लावायच्या आणि मेंदूच्या पुढच्या भागातील रक्तात ऑक्सिजन किती शिल्लक आहे याचा अंदाज प्रकाशाच्या साहाय्याने पडद्यावर पाहत राहायचे, असे काम करणारा सेरेब्रल ऑक्सिमीटर मोठ्या शहरांतील हृदयशस्त्रक्रिया विभागांत आता नवलाचा राहिलेला नाही. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी मात्र तो एका देणगीतून आला, तेव्हा तो नेमका कशासाठी वापरायचा याबद्दल शल्यचिकित्सकांपासून ओटी सिस्टरपर्यंत प्रत्येकाची वेगळी समजूत होती. आमच्याकडे पित्ताशयाच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रिया, थायरॉइड, गर्भाशयाच्या गाठी, आतड्याचे पीळ आणि अपघातातील अस्थिभंग अशी मिश्र कामे होतात. हृदयाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया होत नाही. अशा ठिकाणी हे यंत्र काय देते आणि काय देत नाही, हे लिहिण्याचा हा प्रयत्न आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारींपैकी काही विक्रेत्याच्या वागण्याच्या आहेत आणि उरलेल्या या जातीच्या जवळजवळ प्रत्येक यंत्राला लागू पडतात.

निर्णय आधीच सांगून टाकते. यंत्र उपयोगाचे आहे; परंतु ज्या शस्त्रक्रियागृहात श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ नाही, तिथे हे घेणे म्हणजे आधी कळस मग पाया असा प्रकार होईल.

अंधारात पेटलेल्या बॅटरीवर बोटे धरली की त्यांच्या कडा लालभडक दिसतात, हे लहानपणी प्रत्येकाने पाहिलेले असते. निळा, हिरवा प्रकाश ऊती गिळून टाकतात आणि लाल प्रकाश काही प्रमाणात पार होतो. लाल रंगाच्याही पलीकडे, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त पट्ट्यात, त्वचा, हाड आणि पाणी या सर्वांचेच शोषण कमी असल्यामुळे प्रकाश कवटीच्या आत काही सेंटीमीटरपर्यंत शिरून परत बाहेर येऊ शकतो. ड्यूक विद्यापीठातील फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दाखवून दिले, आणि या विषयाची सुरुवात तिथून मानली जाते. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन ७६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश अधिक शोषते; ८०० च्या थोडे पुढे दोन्ही प्रकारच्या हिमोग्लोबिनचे शोषण सारखे होते; त्यापुढे ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन वरचढ ठरते. दोन किंवा अधिक तरंगलांबींवर परत आलेला प्रकाश मोजला की एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजन बाळगून आहे, याचे गणित मांडता येते.

पट्टीत प्रकाश सोडणाऱ्या दिव्यापासून निरनिराळ्या अंतरांवर परत येणारा प्रकाश टिपणारे दोन ग्राहक बसवलेले असतात. एका प्रचलित बनावटीत ही अंतरे ३ आणि ४ सेंटीमीटर आहेत. जवळच्या ग्राहकाकडे येणारा प्रकाश मुख्यतः त्वचा आणि हाड यांतून फिरून येतो, दूरच्या ग्राहकाकडे येणारा थोडा अधिक खोल जाऊन येतो, आणि पहिला दुसऱ्यातून वजा केला की मेंदूच्या पृष्ठभागाचा हिस्सा उरतो अशी कल्पना आहे. ही वजाबाकी पूर्ण स्वच्छ होत नाही, हे पुढे येईलच.

ज्या पल्स ऑक्सिमीटरशी आपला रोजचा संबंध आहे, त्याच्याशी या यंत्राचे नाते जवळचे असले तरी स्वभाव वेगळा आहे. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या पल्स ऑक्सिमीटरच्या तत्त्वात नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारा प्रकाशच तेवढा हिशेबात घेतला जातो, म्हणून तो केवळ धमनीतले रक्त मोजतो आणि नाडी नाहीशी झाली की मुका होतो. सेरेब्रल ऑक्सिमीटरला नाडी लागत नाही. तो धमनी, केशिका आणि शीर यांतील रक्ताची एकत्रित सरासरी दाखवतो, आणि मेंदूतील बहुतेक रक्त शिरांत असल्यामुळे ती सरासरी शिरांकडे झुकलेली असते. म्हणूनच बोटावर ९९ दिसत असताना कपाळावर ६५ दिसणे ही निरोगी स्थिती आहे. आमच्या नव्या परिचारिकांना हे पटवायला वेळ लागला, कारण पडद्यावर ६५ दिसले की ऑक्सिजनचा नळ उघडायला त्यांचा हात आपोआप जात असे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. कपाळावरचा आकडा या मागणी-पुरवठ्याचा ताळेबंद आहे. पुरवठा कमी झाला की आकडा उतरतो. भूल खोल झाल्याने किंवा शरीर थंड झाल्याने मागणी कमी झाली की तो चढतो. सर्वसाधारण प्रौढांत तो ६० ते ८० च्या दरम्यान असतो, परंतु व्यक्तीव्यक्तीत इतका फरक पडतो की एकट्या आकड्यापेक्षा त्याच रुग्णाच्या सुरुवातीच्या आकड्याशी केलेली तुलना महत्त्वाची ठरते. सुरुवातीच्या तुलनेत २० टक्क्यांची घट, किंवा ५० च्या खाली उतरणे, ही हस्तक्षेपाची नेहमीची सीमा मानली जाते. सुरुवातीचा आकडा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क ठेवण्यापूर्वी नोंदवावा, कारण शुद्ध ऑक्सिजनने तो काही अंकांनी वर जातो आणि मग पुढची सगळी तुलना फुगवलेल्या आकड्याशी होत राहते.

विक्रेत्याच्या प्रतिनिधीने प्रात्यक्षिकाच्या वेळी शल्यचिकित्सकांना असे सांगितले की, या यंत्रामुळे रुग्ण मध्येच जागा होतो आहे का हेही कळेल. हे साफ चूक आहे. भुलेची खोली मेंदूच्या विद्युतलहरींवरून आजमावणारी यंत्रे वेगळी असतात. बीआयएस हे त्यांतले सर्वांत परिचित. त्याचीही पट्टी कपाळावरच चिकटवतात, त्यामुळे हा घोटाळा सहज होतो. सेरेब्रल ऑक्सिमीटर रुग्ण झोपला आहे की जागा, याबद्दल काहीच बोलत नाही. प्रतिनिधीपेक्षा अधिक नेमका प्रश्न एका वृद्ध बाईंच्या मुलाने शस्त्रक्रियेपूर्वी पट्टी पाहून विचारला होता: “मॅडम, ह्या पट्टीनं मायच्या मनातलं बी दिसते काय?” त्याला सांगितले, मनातले नाही दिसत, डोक्याला रक्त नीट पोचते आहे का तेवढे दिसते. तो म्हणाला, “मंग तेवढंच पाहा, बाकी तिच्या मनातलं आमाले ठाऊक हाये.” आकड्याची मर्यादा मला माहितीपुस्तिकेच्या पानांपेक्षा या एका वाक्यात अधिक सोप्या रीतीने सांगता आली.

पट्टी लावण्याचे काम वरवर सोपे दिसते. भुवईच्या वर, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, केस टाळून, स्पिरिटने कपाळ पुसून कोरडे करायचे आणि पट्टी दाबून बसवायची. मध्यरेषा टाळायची, कारण तिच्याखाली मोठी शीर असते. भुवईच्या फार जवळ जायचे नाही, कारण तिथे हाडातील हवेची पोकळी असते आणि प्रकाशाचे गणित बिघडते. माहितीपुस्तिकेत तीळ, जखम, रक्त साकळलेली जागा टाळण्याचीही सूचना आहे. आमच्या भागात यात एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे गोंदण. पासष्टीच्या पुढच्या अनेक स्त्रियांच्या कपाळावर गोंदण असते. भुवयांच्या मधोमध एखादा ठिपका असला तर अडचण येत नाही, पण काही जणींच्या कपाळावर ते दोन्ही बाजूंना पसरलेले असते. गोंदणाचा काळा-निळा रंग प्रकाश शोषून घेतो आणि तो नेमका दिव्याखाली किंवा ग्राहकाखाली आला, तर यंत्र एकतर सिग्नल कमकुवत असल्याची खूण दाखवते किंवा, जे अधिक वाईट, विश्वास ठेवावा असा दिसणारा खोटा आकडा दाखवते. अशा वेळी आम्ही पट्टी केसांच्या रेषेकडे थोडी वर सरकवतो. दोन्ही बाजूंना जागा मिळाली नाही तर एकाच बाजूवर काम भागवतो आणि भुलेच्या नोंदपत्रकावर तसे लिहितो.

कुंकू आणि टिकलीचा डिंक पुसून निघतो. तेल मात्र सहजासहजी निघत नाही. गावाकडून शस्त्रक्रियेसाठी येणारी आजी केस चोपून तेल लावून येते आणि ते कपाळावर उतरलेले असते. एकदा स्पिरिट फिरवून भागत नाही, आधी साबणपाण्याचा बोळा फिरवावा लागतो. मे महिन्यात, बाहेर पारा ४५ च्या वर आणि आतले वातानुकूलन जेमतेम चाललेले असताना, घामाने पट्टीची कड सुटते आणि त्या फटीतून शस्त्रक्रियेच्या दिव्याचा प्रकाश ग्राहकावर पडतो. यावर उपाय स्वस्त आहे: पट्टीवरून हिरव्या कापडाची दुहेरी घडी टाकायची. कॉटरी, म्हणजे विजेने रक्तस्राव थांबवणारे साधन, चालू असताना आकडा काही क्षण गोठतो किंवा उडी मारतो. तेवढा वेळ त्याच्याकडे दुर्लक्ष करावे.

या यंत्राने प्रत्यक्षात काय दाखवले, त्याचे एक उदाहरण तपशिलाने देण्यासारखे आहे. गर्भाशयाच्या मोठ्या गाठीसाठी पोट उघडून शस्त्रक्रिया चालू होती. सुरुवातीचा आकडा ६८. मध्येच लाइट गेली, जनित्र सुरू होईपर्यंत आणि व्हेंटिलेटर पुन्हा मूळ पदावर येईपर्यंत सहायकाने पिशवी हातात घेतली आणि हाताने श्वास द्यायला सुरुवात केली. घाई झालेला माणूस पिशवी नेहमी गरजेपेक्षा जोरात आणि वेगात दाबतो. बोटावरचा आकडा १००, रक्तदाब उत्तम, नाडी स्थिर. कपाळावरचा आकडा मात्र ६४, ६१, ५७ असा उतरत ५४ वर आला, म्हणजे सुरुवातीपेक्षा साधारण २० टक्के खाली. कॅप्नोग्राफवर श्वासाच्या शेवटचा कार्बन डायऑक्साइड २६ दिसत होता. कारण सरळ होते. रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. नेहमीच्या मर्यादेत त्याचा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने उतरला की मेंदूचा रक्तप्रवाह साधारण ३ ते ४ टक्क्यांनी घटतो. पिशवीचा वेग कमी केला, कार्बन डायऑक्साइड ३६ पर्यंत चढला आणि कपाळावरचा आकडा आपोआप ६६ वर परतला. औषध एकही द्यावे लागले नाही.

हे उदाहरण प्रतिनिधीला सांगितले असते, तर त्याने ते लगेच आपल्या माहितीपत्रकात छापले असते. पण नीट पाहिले तर बिघाड काय आहे हे कॅप्नोग्राफने सांगितले होते, आणि त्यानेच ते आधी सांगितले. सेरेब्रल ऑक्सिमीटरने त्या बिघाडाची मेंदूला किती झळ लागते आहे, एवढे पुढचे पान उघडून दाखवले. ते पान मोलाचे आहे, यात वाद नाही. हाताने श्वास देणाऱ्या सहायकाला “हळू दाब” असे दहा वेळा सांगण्यापेक्षा उतरता आकडा एकदा दाखवला की तो धडा त्याच्या लक्षात राहतो. परंतु ज्या रुग्णालयाकडे दोनपैकी एकाच यंत्राचे पैसे आहेत, त्याने कोणते घ्यावे हे वेगळे सांगायला नको.

जिथे इतर कोणतेही यंत्र सहजासहजी सांगत नाही, अशी गोष्ट म्हणजे डोके वर केलेल्या रुग्णातील रक्तदाब. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरून डोक्याकडची बाजू उचलतात; थायरॉइडच्या शस्त्रक्रियेतही डोके उंच असते. रक्तदाबाचा पट्टा दंडावर असतो आणि मेंदू त्याच्या वर. दर सेंटीमीटर उंचीमागे पाऱ्याचा सुमारे पाऊण मिलिमीटर दाब कमी होतो, म्हणजे २० सेंटीमीटरच्या फरकाला १५ मिलिमीटर. दंडावर सरासरी दाब ६५ दिसतो म्हणून निश्चिंत बसलेल्या भूलतज्ज्ञाच्या रुग्णाच्या मेंदूत तो ५० असू शकतो. वर्षानुवर्षे उच्च रक्तदाब असलेल्या, गोळ्या कधी घेतलेल्या कधी सोडलेल्या वृद्ध रुग्णाचा मेंदू एवढा कमी दाब सहन करेलच असे नाही, कारण रक्तप्रवाह स्थिर ठेवण्याची त्याची मर्यादाच वर सरकलेली असते. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी बसत्या स्थितीत ठेवलेल्या रुग्णांवरील २०१० च्या एका अभ्यासात सुमारे ८० टक्के रुग्णांत कपाळावरचा आकडा लक्षणीय उतरला होता, आणि कुशीवर झोपवलेल्या रुग्णांत एकाचाही नाही. आम्ही खांद्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करत नाही, पण डोके उंच असलेल्या साठीपुढच्या रुग्णांसाठी ही पट्टी आता नियमाने लावतो. टेबल उचलल्यावर पाच मिनिटांत आकडा ढासळू लागला, तर टेबल थोडे खाली घेणे हाच पहिला उपाय असतो. तो फुकट आहे आणि बहुतेक वेळा पुरतो.

रक्तदाब वाढवण्याच्या औषधांच्या बाबतीत यंत्र एक कोडे पुढे ठेवते. फेनिलेफ्रिन दिले की दंडावरचा दाब वाढतो, पण कपाळावरचा आकडा अनेकदा उतरतो. इफेड्रिनने दाब तितकाच वाढवला तरी आकडा टिकतो. यावर अभ्यास झालेले आहेत आणि हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या प्रमाणाशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. त्याचबरोबर अशा औषधांनी कपाळाच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्याही आकसतात आणि यंत्र त्वचेतली ती घट मेंदूच्या खात्यावर मांडते, असाही आक्षेप आहे. तो आक्षेप हवेतला नाही. २०१२ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या डोक्याभोवती फुगवता येणारा पट्टा आवळून कवटीबाहेरच्या त्वचेचा रक्तपुरवठा थांबवला गेला, तेव्हा तपासलेल्या तिन्ही बनावटींचे आकडे खाली आले, कुणाचे कमी, कुणाचे जास्त. मेंदूला काहीही झालेले नव्हते. वजाबाकी पूर्ण स्वच्छ होत नाही असे वर म्हटले, ते याच अर्थाने.

विदर्भात काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाला सर्वांत जास्त विचार करायला लावणारा भाग रक्तक्षयाचा आहे. इथे हिमोग्लोबिन ७ असलेली बाई शेतात निंदण करून संध्याकाळी भाकऱ्या भाजते आणि “थोडा दम लागते” एवढेच सांगते. हिमोग्लोबिन कमी असले की मेंदू आलेल्या रक्तातून अधिक ऑक्सिजन ओढून घेतो, म्हणून कपाळावरचा आकडा मुळातच ५० च्या आसपास असतो. अशा रुग्णात ‘५० च्या खाली धोका’ हा नियम लावला तर गजर शस्त्रक्रिया संपेपर्यंत वाजत राहील. पण याच रुग्णाच्या बाबतीत यंत्र खऱ्या अर्थाने कामाला येते, कारण तिच्याकडे शिल्लक फार थोडी असते आणि थोड्याशा रक्तस्रावानेही आकडा हलतो. रक्ताची पिशवी चढत असताना तो आकडा अंकाअंकाने वर येताना आम्ही पाहिला आहे. तालुक्याच्या ठिकाणी रक्तपेढी नसते, जिल्ह्याहून पिशव्या मागवाव्या लागतात, आणि दुसरी पिशवी आत्ता लावायची की राखून ठेवायची हा निर्णय अनेकदा अंदाजाने घ्यावा लागतो. त्या अंदाजाला इथे थोडा आधार मिळतो.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णात गुंता आणखी वाढतो. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावतीचा मेळघाट या पट्ट्यात हा आजार किती पसरलेला आहे, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. २०२३ च्या जुलैत देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, तीही अशाच आदिवासी पट्ट्यांकडे पाहून. या रुग्णांत तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने कमी वयातच पित्ताचे खडे होतात आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी कोवळी मुले टेबलावर येतात. ऑक्सिजन कमी पडला, शरीर थंड झाले, पाणी कमी झाले किंवा रक्तात आम्लता वाढली, की पेशी विळ्याच्या आकारात वाकतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात, म्हणून भूल देताना या चार गोष्टी डोळ्यांत तेल घालून सांभाळाव्या लागतात. मेंदूचा ऑक्सिजन दाखवणारे यंत्र इथे आदर्श वाटेल. पण त्याच मुलाला रक्तक्षय असतो, म्हणून आकडा कमी. आणि डोळे पिवळे असतात, म्हणजे बिलिरुबिन वाढलेले असते. काविळीच्या रुग्णांत हे आकडे खोटे कमी येतात, हे यकृताच्या रुग्णांवरील अभ्यासांत दिसलेले आहे, कारण पित्तरंगही प्रकाश शोषतात. सुरुवातीला ४४ दिसले, तर त्यातले किती रक्तक्षयाचे, किती काविळीचे आणि किती खरोखर मेंदूच्या उपासमारीचे, हे यंत्र वेगळे करून देऊ शकत नाही. आम्ही अशा मुलांत मूळ आकड्याची चर्चाच करत नाही. तो जिथे आहे तिथून किती हलतो, एवढेच पाहतो. गडद वर्णाच्या त्वचेतही काही बनावटींचे आकडे कमी येतात असे आढळले आहे, आणि आमचे बहुतेक रुग्ण उन्हात राबून रापलेले असतात. मूळ आकड्यापेक्षा त्याचा कल पाहण्याला हे आणखी एक कारण आहे.

बाजारातील निरनिराळ्या बनावटींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. इनव्होस या बनावटीत दोन तरंगलांबी वापरतात. फोर-साइट आणि ओथ्री यांत त्याहून अधिक. शिरा आणि धमन्या यांच्या रक्ताचे प्रमाण काही बनावटी ७५ ला २५ धरतात, तर काही ७० ला ३०, आणि प्रत्यक्ष रुग्णात ते प्रमाण वेगळेही असू शकते. त्यामुळे जिल्ह्याच्या रुग्णालयात एका यंत्रावर ७२ दिसले आणि आमच्याकडे ६३, म्हणून रुग्ण बिघडला असे होत नाही. या आकड्याबद्दल नम्र राहण्याला आणखी एक कारण आहे: १९९० च्या दशकात मृत व्यक्तींच्या कपाळावर हे यंत्र लावून पाहिले गेले, तेव्हा काहींचे आकडे जिवंत निरोगी माणसांच्या पातळीत आले होते. रक्त तिथेच असते, ऑक्सिजन वापरणारे कुणी उरलेले नसते, आणि यंत्र रक्त मोजते.

संशोधनाचा कौल काय आहे, हेही खरेदीपूर्वी पाहायला हवे. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांवरील २००७ च्या एका चाचणीत, आकडा पाहून उपाय केलेल्या गटात मोठ्या गुंतागुंती कमी झाल्या होत्या, आणि यंत्राची विक्री बरीचशी त्या निष्कर्षाच्या खांद्यावर उभी आहे. त्यानंतर अनेक चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात मात्र, शस्त्रक्रियेनंतरचा पक्षाघात, बुद्धिभ्रम किंवा मृत्यू यांवर निश्चित परिणाम होतो असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. भुलेच्या बाहेरचे पण याच यंत्राचे उदाहरण नवजात अर्भकांचे आहे: २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या १६०१ बाळांवरील, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मेंदूच्या ऑक्सिजनवर नजर ठेवून उपचार केल्याने मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा कमी झाली नाही. हे वाचून यंत्र निरुपयोगी आहे असे मला वाटत नाही, कारण नुसती नजर ठेवल्याने कोणी बरा होत नाही, आकडा उतरल्यावर काय केले यावर पुढचे अवलंबून असते. पण ‘मेंदू वाचवणारे यंत्र’ ही जाहिरातीतली भाषा पुराव्याच्या पुढे धावते, हे मात्र खरे.

आता खर्चाकडे. यंत्र देणगीत मिळाले, सेन्सर देणगीत मिळत नाहीत. ते एकदाच वापरायचे असतात, दोन बाजूंना दोन लागतात, आणि प्रत्येकाची किंमत काही हजारांच्या घरात जाते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रियेच्या पॅकेजची रक्कम ठरलेली असते. सेन्सरचा खर्च त्याच रकमेतून भागवावा लागतो. म्हणून सरसकट वापर आमच्या आवाक्याबाहेर आहे. सेन्सर पुसून पुन्हा वापरावेत असा सल्ला प्रतिनिधीनेच दबक्या आवाजात दिला. डिंक गेलेली पट्टी कपाळावर नीट बसत नाही, प्रकाश गळतो, आणि एका रुग्णाची त्वचा दुसऱ्याच्या कपाळाला लावणे हे मला मान्य नाही. पहिल्या खोक्यातले निम्मे सेन्सर मुदत संपत आलेले निघाले, ते बदलून मिळायला नागपूरच्या कार्यालयाला वारंवार फोन करावे लागले. लहान मुलांचे सेन्सर करारात लिहिलेले असूनही खोक्यात नव्हते, आणि सिकलसेलची मुले हाच आमचा सर्वांत महत्त्वाचा वर्ग आहे, हे आम्ही मागणीपत्रात ठळक लिहिले होते.

यंत्राची बांधणी चांगली आहे. आतील बॅटरीमुळे लाइट गेल्यावरही आलेख तुटत नाही, आणि वरच्या प्रसंगात त्यामुळेच आकड्यांचा पूर्ण प्रवास नंतर पाहता आला. पडदा दुरून वाचता येतो. गजराचा आवाज मात्र पल्स ऑक्सिमीटरच्या गजरासारखाच असल्याने कोणता वाजतो आहे हे मान वळवून पाहावे लागते, आणि टेबलाच्या डोक्याशी एकटाच उभा असलेल्या माणसाला हे परवडत नाही. केबलचा जोड नाजूक आहे. ट्रॉली सरकवताना तो ताणला जातो. हंगामात जिनिंगच्या गावात हवेत कापसाचे बारीक तंतू असतात, ते मागच्या पंख्याच्या जाळीत अडकतात. दर पंधरवड्याला जाळी झटकली नाही तर यंत्र तापते. पुस्तिकेत हे नाही, कारण ती लिहिणाऱ्याने वणीचा किंवा घाटंजीचा डिसेंबर पाहिलेला नसणार.

ज्यांच्याकडे कॅप्नोग्राफ आहे, रक्तदाब भरवशाने मोजला जातो, रक्त काही तासांत मिळू शकते, आणि ज्यांच्या यादीत डोके उंच ठेवून होणाऱ्या शस्त्रक्रिया, गंभीर रक्तक्षय किंवा सिकलसेलचे रुग्ण नियमित असतात, त्यांनी हे यंत्र जरूर घ्यावे. केवळ सिझेरियन आणि मणक्यातील भुलेखाली होणारी कामे असतील, तर ते कपाटात धूळ खाईल. खरेदी करताना यंत्राच्या किमतीपेक्षा सेन्सरच्या किमतीवर घासाघीस करावी. सेन्सरचा दर किमान तीन वर्षांसाठी लेखी बांधून घ्यावा, मुदतीला किमान एक वर्ष शिल्लक असलेलाच माल स्वीकारू अशी अट घालावी, मुलांचे सेन्सर पहिल्याच खोक्यात मोजून घ्यावेत, आणि प्रात्यक्षिक कंपनीच्या माणसाच्या कपाळावर न घेता, नातेवाइकांच्या संमतीने, गोंदण असलेल्या एखाद्या आजींच्या कपाळावर घ्यायला सांगावे.